शिडीचा पिक्चर

विमल, आधी लोकांना सांगतो शिडीचा पिक्चर म्हणजे काय, मग तुझ्याशी बोलतो. नाहीतर वाचणारे म्हणतील, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक सरकारी कागद येतो. सेन्सॉरचं सर्टिफिकेट. त्यावर इंग्रजी अक्षर असतं. यू असलं तर सगळ्यांनी बघा. ए असलं तर अठराच्या आतल्यांनी घरी बसा. दोन्ही अक्षरं असली तर पोरांना आणा, पण मोठ्यांनी शेजारी बसा. तुला इंग्रजी येत नव्हतं, मलाही नोकरीपुरतंच. तू ए बघून म्हणालीस, "ही तर शिडी." आणि यू म्हणजे वाटी. तेव्हापासून आपल्या घरात वाटीचा पिक्चर आणि शिडीचा पिक्चर. पुढे बिबवेवाडीतल्या आपल्या गल्लीत सगळ्या बायका तसंच म्हणायला लागल्या. दोन्ही अक्षरं आली की तू म्हणायचीस, "वाटी-शिडी. म्हणजे जेवायला बसा, पण मध्येच उठवतील."

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राचे सेक्रेटरी घरी आले. चहा प्यायले. म्हणाले, "वहिनींवर एक पान लिहून द्या, आपल्या अंकात घेऊ." नमुना म्हणून मागचे अंक ठेवून गेले. मी वाचले. सोशिक, मायाळू, साक्षात अन्नपूर्णा. मेल्यावर कुणाचीच बायको तापट नसते असं दिसतंय. मी त्यांना म्हटलं होतं, "आमची तापट होती." तर म्हणाले, "ते नका लिहू." म्हणजे इथंही सेन्सॉर आहेच.

माझं शिक्षण सातवी. आपला महेश म्हणाला, "अण्णा, तुम्ही लिहा, मी शुद्धलेखन बघतो." मी त्याला बजावलंय, काना-मात्रा सुधार, पण कापाकापी करू नकोस. आपल्या घरात कापाकापी पुष्कळ झाली, आणि सगळी मीच केली. पान एक सांगितलं होतं. जास्त होणार. झालं तर झालं.

मी थिएटरच्या दारावर होतो. डोअरकीपर. केंद्रातल्या नव्या मंडळींना वाटतं मी तिथं मॅनेजर होतो, कारण मी त्यांना कधी तसं नाही म्हणून सांगितलं नाही. तर नव्हतो. तिकीट अर्धं फाडायचं, टॉर्च मारून खुर्ची दाखवायची, मध्यंतरात दारं उघडायची. आणि शिडीचा पिक्चर असला की कोवळ्या पोरांना दारातून परत पाठवायचं. हे शेवटचं काम मला फार आवडायचं. रस्त्यात मला कुत्रं विचारत नव्हतं. दारावर मात्र स्कूटरवरून आलेली, गॉगल लावलेली पोरं "काका, सोडा ना, प्लीज" करत हात जोडायची. मी मान हलवायचो. नाही म्हणजे नाही. नाही म्हणायची एक चटक असते, विमल. ती मला लागली.

वय ओळखायची आमची पद्धत होती. पोरांचा दाखला कोण बघत बसणार? तिकीट हातात घेऊन विचारायचं, "काय रे, नाव काय?" आवाज फुटलेला असला तर आत. बायकांना तेही विचारायचं नाही. नुसतं गळ्याकडे बघायचं. मंगळसूत्र असलं की अठरा पूर्ण. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. आम्हीच ठरवलेलं. त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच.

एकदा जेवताना मी तुला गंमत म्हणून सांगितलं. दुपारच्या खेळाला नर्सिंग शिकणारी एक मुलगी आली होती, चांगली विशी ओलांडलेली. गळा मोकळा. मी परत पाठवली. तिच्या मागे हातभर हिरवा चुडा घातलेली एक पोर, नवऱ्याच्या पाठीमागे लपत होती. सोळाची असेल नसेल. ती आत गेली. मी हसत होतो. तू तव्यावरची भाकरी उलटायची थांबलीस.

"म्हणजे मंगळसूत्र घातलं की वय होतं?"

"पद्धत आहे."

"मग माझं किती केलंत?"

मी म्हटलं, "भाजी वाढ."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. लग्नात तुझं वय अठरा सांगितलं होतं. तुझ्या वडिलांनी सांगितलं, माझ्या वडिलांनी मान डोलावली, भटजींनी मंत्र म्हटले. तू पंधराची होतीस, तीही पुरती नाही. मुंडावळ्या तुझ्या कपाळावर ठरत नव्हत्या. सारख्या नाकावर यायच्या आणि तू फुंकर मारून बाजूला करायचीस. मी तेवीस वर्षांचा घोडा. मला ते दिसत होतं. त्या काळी असंच व्हायचं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, आणि ते खोटं नाही. पण तुझी ती फुंकर बघून मला गंमत वाटली होती, हेही खोटं नाही. त्या काळाचं त्या काळाकडे. गंमत माझी मला वाटली होती.

चांगलं काहीच नव्हतं असं नाही. सोमवारी गर्दी कमी म्हणून स्टाफच्या घरच्यांना पास मिळायचा. वाटीचा पिक्चर असला की तू यायचीस, महेशला कडेवर घेऊन, पुढे बोटाला धरून. एकच पिक्चर तीन-तीन सोमवार बघायचीस. मध्यंतरात माझ्या दारापाशी येऊन पुडीतला चिवडा माझ्या हातावर ओतायचीस आणि म्हणायचीस, "आता ती सासू मरणार बघा." मग गल्लीत जाऊन तोच पिक्चर बायकांना असा सांगायचीस की त्या म्हणायच्या, तिकीट काढायची गरजच नाही. मी दारावर उभं राहून तुकड्या-तुकड्यांनी बघितलेला पिक्चर मला घरी तुझ्या तोंडून पुरा कळायचा. डोअरकीपर कधी बसून पिक्चर बघत नाही. कुणी उशिरा येतं, कुणाचं पोर रडतं, कुणी आत विडी पेटवतं. मी आयुष्यात जेवढे पिक्चर पुरे बघितले, ते तुझे ऐकून.

आणि तुला मी काय दिलं, ते आता सांगतो. इथं केंद्रातल्या निम्म्या लोकांना हा किस्सा माहीत आहे, कारण तू स्वतः तो लग्नाकार्यात सांगून हशा पिकवायचीस. पण मी कधी सांगितला नाही. आज माझ्या तोंडून ऐक.

महेश तेव्हा नववीत होता. घरोघर केबलच्या वायरी यायला लागल्या होत्या आणि थिएटरवाले धास्तावले होते. आमच्याकडे एका बाईचा पिक्चर लागला. नवरा चांगल्या घरचा, शिकलेला, पण हात उचलणारा. एक दिवस ती घर सोडते. मारहाण फार आहे म्हणून शिडी मिळाली, असं मॅनेजरसाहेब म्हणायचे. गल्लीतल्या दोघी-तिघी जाऊन आल्या आणि नळावर दुसरा विषय नाही. तू मला म्हणालीस, "सोमवारचा पास आणा."

"तो तुझ्यासारखीचा पिक्चर नाही."

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

"घरंदाज."

"मग त्या गेल्या त्या काय उघड्यावरच्या?"

मी चप्पल घालून निघून गेलो. मी तुझ्यावर कधी हात टाकला नाही, हे मी चारचौघांत तोऱ्यात सांगायचो. न मारल्याबद्दल कौतुक करून घेणारा नवरा. मग त्या पिक्चरची मला एवढी धास्ती का वाटावी? ते मला तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतंय. त्यातल्या बाईला मार खाऊन घर सोडता आलं. तू काय बघून सोडशील याचा मला अंदाज नव्हता.

दोन दिवसांनी तू आलीसच. लोणी काळभोरहून मंदा आली होती, तुझी धाकटी बहीण, तिला घेऊन. पास नाही, खिडकीवर तिकिटं काढून. जांभळी साडी, गजरा. मी बाल्कनीच्या दारावर. रांगेत बहुतेक बाप्ये, मध्ये तुम्ही दोघी. तू तिकीट पुढे केलंस आणि माझ्याकडे बघून थोडी हसलीस. आता काय करता, असं. ते हसू गोड होतं. त्यात भांडण नव्हतं. मला आज ते फार स्पष्ट आठवतं.

मी तिकीट हातात घेतलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वय काय तुमचं, बाई?"

रांग हसली. मला वाटलं, तू लाजून परत जाशील. तू गेली नाहीस. सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "खरं सांगू, का लग्नात लावलेलं सांगू?"

मग रांग जी हसली ती मला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. माझे कान तापले. मी तिकिटं न फाडता तुझ्या हातात परत ठेवली आणि म्हटलं, "घरी जा."

मंदा म्हणाली, "दाजी, येड्यावानी काय करताय? तिचा पोरगा नववीत हाय!"

तू मंदाचा हात धरलास आणि जिना उतरलीस. गजरा मागून दिसत होता. तुमच्या मागे एक कोवळी पोर होती, सतराची असेल, नवीन मंगळसूत्र. ती माझ्या हाताखालून आत गेली आणि मी टॉर्च मारून तिला खुर्ची दाखवली.

संध्याकाळी डबा नेहमीसारखा आला. त्यात मेथीची भाजी होती, मला आवडते तशी, लसूण जास्त घातलेली. मी वाट बघत होतो, तू घरी भांडशील. तुझा राग म्हणजे भांडी आपटणं, मला माहीत होतं. तू भांडी आपटली नाहीस. त्या थिएटरची पायरी मात्र पुन्हा चढली नाहीस. वाटीचे पिक्चर आले, गेले. सोमवारचे पास मी शेजाऱ्यांना वाटले. थिएटर पाडून मॉल करायचं ठरलं, शेवटच्या खेळाला मालकांनी सगळ्या स्टाफला सहकुटुंब बोलावलं, पेढे वाटले. मी तुला म्हटलं, "चल की आता." तू म्हणालीस, "तिथं वय विचारतात." आणि निवडत असलेल्या तांदळातून मान वर केली नाहीस.

पुढे तूच त्याचा किस्सा केलास. पाहुण्यांत रंगवून सांगायचीस, माझा आवाज काढून: "वय काय तुमचं, बाई?" सगळे हसायचे, मीही हसायचो. मला वाटायचं, ज्या गोष्टीवर बायको हसते ती मिटली. मिटलेली नव्हती. तू मला दर वेळी एक संधी देत होतीस, सगळे हसून झाल्यावर एक वाक्य बोलायची. मी दर वेळी सुपारी कातरत बसलो.

आणि ऐक, मी तुला जो पिक्चर बघू दिला नाही तो मी स्वतः पुरा बघितलेला नव्हता. बाईचा सुरुवातीचा मार बघितला आणि शेवटी पाट्या सुरू झाल्या की दारं उघडली. मधलं काय, ती काय बोलली, कशानं निघाली, मला ठाऊक नाही.

थिएटर गेलं तरी माझी डोअरकीपरी गेली नाही. ती घरात आली. महेशला हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली, त्यानं मोठा टीव्ही आणला आणि रिमोट माझ्या हातात आला. चुंबन आलं, बदल. बाळंतपण आलं, बदल. कुणी फार रडायला लागलं तरी बदल. घरात लहान कोण होतं? महेश स्वतः बाप व्हायला आला होता. तू म्हणायचीस, "अहो, बघत होते मी." मी म्हणायचो, "काय बघायचंय त्यात?"

एका दुपारी एक डॉक्टरबाई बायकांना सांगत होती की आपल्या छातीत गाठ आहे का ते आपणच हातानं कसं बघायचं. पडद्यावर चित्र होतं. मी झटक्यात क्रिकेट लावलं. "काय वाटेल ते दाखवतात." तू म्हणालीस, "ती कामाचं सांगत होती." मी आवाज वाढवला.

त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, तू गेल्यावर. ते म्हणाले, असं धरता येत नाही. चांगले गृहस्थ आहेत. पण तुझी गाठ उशिरा कळली, हेही तेच म्हणाले होते. या दोन वाक्यांच्या मध्ये मी रोज जाऊन बसतो.

कॅन्सर. घे, लिहिला. तुझ्यासमोर हा शब्द मी कधी काढला नाही आणि कुणाला काढूही दिला नाही.

त्या दिवशी नर्सनं तुला वजन करायला बाहेर नेलं आणि डॉक्टरांनी मला आणि महेशला सांगितलं. म्हणाले, "पेशंटला कसं आणि किती सांगायचं, ते आपण बोलून ठरवू." मी एका दमात म्हटलं, "तिला नको. तिला झेपणार नाही." महेश म्हणाला, "अण्णा, आईला विचारायला नको का?" मी म्हटलं, "मी तिला ओळखतो." बघ, ते वाक्य बोलताना माझी मान कशी हलली असेल. तीच. दारावरची.

मग पाण्याची गाठ म्हणून सांगितलं. किमोला ताकदीचं सलाईन म्हटलं. केस गेले तेव्हा औषध उष्ण पडलं म्हटलं. आणि त्या गेटचं तर मला कुणाला सांगता आलेलं नाही. हॉस्पिटलच्या पुढच्या गेटवर आजाराच्या नावाची पाटी होती, मोठी, मराठीतली. तू मराठी वाचायचीस. म्हणून मी रिक्षा मागच्या गेटला न्यायला सांगायचो. तिथं आतपर्यंत रिक्षा जात नाही. पुढे चढ आहे. तो चढ तू चालायचीस, भिंतीला हात लावत, मध्ये थांबत, सलाईननं अंगात काही उरलेलं नसताना. पहिल्यांदा विचारलंस, "पुढून का नाही जात?"

"पुढं गर्दी असते."

"बरं," म्हणालीस. पुन्हा विचारलं नाहीस. मी तुझी पिशवी धरून पुढे चालायचो. एका पाटीसाठी मी तुला तो चढ चढवला, विमल. दर खेपेला.

घरी कुणी भेटायला आलं की मी त्यांना जिन्यातच गाठायचो. "तिला काही माहीत नाही. बोलू नका. तोंड नीट ठेवा." कुणाचे डोळे भरलेले दिसले तर खालूनच परत पाठवायचो. तुझी ती फुलवाली मैत्रीण, रोज संध्याकाळी खाली पायरीवर तुझ्याशी बोलत बसायची, तिला मी दोनदा परत पाठवली, कारण तिला रडू आवरत नव्हतं. तू आत विचारायचीस, "कोण होतं?" मी म्हणायचो, "कुरिअरवाला."

एकदाच म्हणालीस, "अहो, मला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचंय? बरी होशील."

"बरं." आणि भिंतीकडे तोंड केलंस.

तू गेलीस ती दुपार. तुझा चुलतभाऊ आला होता. मी दारात त्याला बजावत होतो, काय बोलायचं नाही ते. बोलत असतानाच आतून मंदानं हाक मारली, "दाजी!" मी आत आलो तेव्हा झालं होतं. तू गेलीस तेव्हा मी दारात उभा होतो. शेजारी मंदा होती. इतकी वर्षं जिथं उभा राहिलो तिथंच उभा होतो.

आता तेराव्याचं. जेवणं झाली, पाहुणे पांगले. मंदा भांडी आवरत होती. मी तिला म्हटलं, "एक बरं झालं. तिला शेवटपर्यंत कळलं नाही." मला वाटतं, मला शाबासकी हवी होती.

मंदानं हात पुसले. म्हणाली, "दाजी, आक्काला समदं ठाऊक व्हतं. पहिल्या दिवसापासनं."

"कुणी सांगितलं?" मी ओरडलोच. अजून मला चोर पकडायचा होता.

"कुणी कशाला सांगतंय? तुम्हीच. मागल्या गेटनं नेलंत तवाच कळलं म्हणाली. म्हणाली, हे ज्या दारानं जाऊ देत न्हाईत, खरा पिक्चर तिथंच असतोय."

मी खाली बसलो. मंदा माझ्यासमोर बसली. लहानपणापासून ती तोंडाळ, तुला माहीत आहे, पण त्या वेळी फार हळू बोलली. तू तिला काय सांगितलं होतंस ते तिनं तुझ्या बोलीत सांगितलं, माहेरच्या, जी तू माझ्याशी बोलायची सोडली होतीस.

"मंदे, आमच्या घरात शिडीचा पिक्चर लागलाय. हे दारात उभं हायेत, मला आत सोडत न्हाईत. मी कवाची आत जाऊन बसलीय. त्यांना सांगू नगंस. आत आलं तर घाबरतील. आजून लहान हायेत."

मी विचारलं, "मग मला का नाही बोलावलं?"

मंदा म्हणाली, "मी बी तेच इचारलं. तर म्हणाली, उभं राहू दे त्यांना. तेवढंच येतं."

विमल, मला तुझा राग आला. खरं सांगतो. भर तेराव्याच्या दिवशी आला. मला वाटलं, ही आत एकटी बसली, एकटीनं सगळं बघितलं, रडली असेल तर एकटी रडली, आणि मला बाहेर ठेवून सूड घेतला. मग मला लाज वाटली, कारण सूड घेणारी तू नव्हेस. सूड घ्यायचा असता तर भांडी आपटली असतीस. तू मला सांभाळलंस. मी तुला कोवळी समजून खोटं बोलत होतो आणि तू मला कोवळा समजून ते खोटं ऐकून घेत होतीस, 'बरं' म्हणत होतीस, चढ चढत होतीस. पंधराव्या वर्षी तुला अठराची केली. आणि म्हातारपणी तूच माझं खरं वय ओळखलंस, गळ्यात काय आहे ते न बघता.

त्या 'बरं' मध्ये किती जागा होती. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, हो गं, सांगायचंय. आपण दोघं घाबरलो असतो. घाबरलो असतो तर घाबरलो असतो. फुलवाली येऊन तुझ्या गळ्यात पडून रडली असती. तू मला सांगितलं असतंस, कुठली साडी नेसवा, कुणाला बोलवा, कुणाला बोलवू नका. मंदाला सांगितलंस ते सगळं, मला नाही. साडी मी भलतीच काढली होती. मंदानं गुपचूप बदलली. जांभळी नेसवली. का, ते मला त्या वेळी कळलं नाही.

काल रविवार. महेश वारज्याहून आला. मी त्याला तो पिक्चर शोधायला सांगितला, नाव सांगितलं. त्याच्या आईला मी परत पाठवलं होतं तो. त्याला किस्सा पाठ आहे. त्यानं आपल्या जुन्या मोबाईलवर दोन मिनिटांत काढला आणि भांड्याला टेकवून माझ्यासमोर उभा केला. पुढच्या महिन्यात तो मला वारज्याला घेऊन जाणार आहे, तो मोठा टीव्ही तिथंच नेऊन ठेवलाय. मी म्हटलं, नको, हा इथं बघायचाय, तुझ्या आईच्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळ.

पिक्चर सुरू झाला नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, इंग्रजीत. मी म्हटलं, "काय झालं? अडकला का?"

"नाही अण्णा. तो विचारतोय, हा पिक्चर मोठ्यांसाठी आहे, तुमचं वय अठराच्या वर आहे का? खाली हो आणि नाही आहे. हो दाबा."

मला जन्मात कुणी दारावर वय विचारलं नव्हतं. मी बोट पुढे केलं आणि तसंच राहिलं. रांग नव्हती, कुणी हसत नव्हतं, महेश माझ्या मागे उभा होता. तरी माझे कान तापले, त्या दिवशीसारखे.

महेश म्हणाला, "अण्णा, दाबा ना. त्यात काय विचार करायचा?"

मी म्हटलं, "थांब. तुझ्या आईला विचारतो."

तो आधी हसला. मग हसायचा थांबला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मोबाईल अजून ओट्यावर तसाच आहे, त्यानं चार्जिंगला लावून ठेवलाय, मला वापरायला म्हणून. दोन ओळी तशाच येतात.

म्हणून हे सगळं लिहायला बसलो, विमल. सेक्रेटरींचं पान हे निमित्त. तू केव्हाची आत बसली आहेस. सगळं बघून झालंय तुझं. माझ्या हातात टॉर्च नाही, मी तिकीट फाडायला आलेलो नाही. माझं वय तुला माहीत आहे, खरं आणि लावलेलं, दोन्ही.

येऊ का आत?